चाळीस शब्दांचा चेहरा

आमच्या आत्याला नावं ठेवायची सवय होती, अगदी लग्नाआधीपासूनची. समोरून येणाऱ्या माणसाला ती डोक्यापासून नखापर्यंत एकदाच न्याहाळायची आणि मग तिच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते त्या माणसाला जन्मभर चिकटायचं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ती एकदा "उघडी छत्री" म्हणाली. ते निवृत्त झाले, वारले, पण त्यांच्या घराचा पत्ता विचारला तर आजही लोक "छत्रींचं का?" असं विचारून खात्री करून घेतात. माझे बाबा, म्हणजे तिचे मोठे भाऊ, तिला नेहमी म्हणायचे, "अगं, तोंड आवर जरा. लोकांना नावं ठेवून कुणाचं पोट भरलंय का?"

आत्याचं भरलं. नऊ महिने का होईना, पण भरलं.

आधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घराण्याचं एक नाक आहे. लांब, सरळ, शेंड्याला किंचित खाली वाकलेलं. पणजोबांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना तेच. भिंतीवरचे फोटो ओळीने बघत गेलं तर एकच माणूस कपडे बदलून पुन्हापुन्हा बसतोय असं वाटतं. हे खरं नाक, आणि जगातली बाकीची नाकं म्हणजे त्या दिशेने केलेले कमीजास्त प्रयत्न, अशी आमच्याकडे साधारण समजूत होती. कुणी ती बोलून दाखवत नसे. लग्नाच्या गप्पांत "मुलगी नाकीडोळी नीटस आहे" असं म्हटलं, की नाक आमच्यासारखं आहे एवढंच त्यातून समजायचं.

तर अशी ही आत्या सत्तेचाळिसाव्या वर्षी परदेशी गेली. काका, म्हणजे आत्याचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना तिकडच्या एका कंपनीने बोलावून घेतलं. मूलबाळ नव्हतं, मागे कुणी अडवणारं नव्हतं. दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन दोघं निघाली. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची विटांची भिंत दिसायची आणि स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस गळायचा.

पहिले सहा महिने आत्याला तिथली सगळी माणसं सारखीच दिसली.

"एकाच पिठाचे गोळे, दादा," ती बाबांना फोनवर म्हणाली. "कोण कुठला, काही पत्ता लागत नाही बघ."

हे तिने नुसतं म्हटलं नाही, करूनही दाखवलं. नळाबद्दल घरमालकाला सांगायचं होतं. तिने जिन्यात, दुकानात, बसथांब्यावर मिळून पाच वेगवेगळ्या माणसांना घरमालक समजून नळावरून चांगलंच झापलं. चार जण घाबरून निघून गेले. पाचवा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत पाना घेऊन हजर झाला. त्याने नळाचा वायसर बदलला, पेलाभर पाणी पिऊन नळ नीट चालतो याची खात्री केली आणि गेला. तो घरमालक नव्हताच. तो पुढच्या चौकातला दंतवैद्य होता. बाई इतक्या हक्काने सांगताहेत म्हणजे चूक आपलीच असणार, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं होतं. खरा घरमालक संध्याकाळी आला आणि विनापरवानगी नळ दुरुस्त केला म्हणून आत्यालाच रागावून गेला. दंतवैद्य पुढे घरचाच झाला. दर रविवारी चहाला यायचा आणि जाताना सवयीने नळ बघून जायचा.

दुसऱ्या वर्षी आत्याला नोकरी लागली. बाहेरून येऊन राहणाऱ्यांना तिथे रहिवासी ओळखपत्र लागायचं. ते नसलं तर दवाखाना नाही, वाचनालय नाही, घर नाही. ही ओळखपत्रं देणाऱ्या कचेरीत, फोटोच्या खोलीत, आत्या काम करायची. माणसाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर, खांदे खाली, हलू नका, झालं, पुढचा. दिवसाला साठ-सत्तर चेहरे. कचेरीच्या प्रमुखांना ती "मोठ्या बाई" म्हणायची, कारण त्या खरोखरच मोठ्या होत्या. दारातून येताना त्यांना मान वाकवावी लागायची आणि त्यामुळे त्या प्रत्येक खोलीला नमस्कार करत शिरताहेत असं दिसायचं.

मी शिकायला तिच्याकडे गेले ती याच सुमारास. दीड वर्ष राहिले. त्यामुळे पुढचं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि निम्मं आत्याने भाजी चिरता चिरता सांगितलेलं. सगळी बोलणी अर्थात तिथल्या भाषेत झाली, मी ती मराठीत सांगते आहे.

एका सोमवारी जुना कॅमेरा काढून कचेरीत नवं यंत्र बसवलं. हे यंत्र आधी चेहरा तपासायचं आणि तो प्रमाणात बसला तरच फोटो काढून तिथल्या तिथे ओळखपत्र छापायचं. पहिला आला तो एक गवंडी. धिप्पाड, रुंद जबड्याचा.

"चेहरा आढळला नाही," यंत्र म्हणालं.

गवंड्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. आत्याने स्टूल पुढे ओढलं, दिवा वाढवला, काच पुसली. यंत्र पुन्हा तेच म्हणालं. गवंड्यानंतर एक शिवणकामवाली आली, गालांवर खळ्या, सतत हसणारी. तिलाही चेहरा नव्हता. मग एक जाडजूड आजोबा, एक कॉलेजची पोरगी, एक दाढीवाला बसचालक. दुपारपर्यंत सत्तेचाळीस जणांना चेहरा नाही असं ठरलं. हे काय चाललंय म्हणून मोठ्या बाई स्वतः येऊन स्टुलावर बसल्या. त्यांनाही नव्हता. वैतागून त्या उठल्या तेव्हा त्यांच्या खांद्याचा धक्का लागून यंत्राचं तोंड भिंतीकडे वळलं. तिथे घड्याळ होतं.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "चेहरा प्रमाणात आहे." आणि खटकन घड्याळाचं ओळखपत्र बाहेर पडलं.

"फाडून टाकू का?" आत्याने विचारलं.

"छे छे!" मोठ्या बाई म्हणाल्या. "एकदा दिलेलं ओळखपत्र धारकाच्या सहीशिवाय रद्द होत नाही."

घड्याळाने सही केली नाही. त्यामुळे ते रीतसर रहिवासी झालं. महिन्याभरात त्याला वाचनालयाचं सभासदपत्र आलं, मग डोळे तपासून घेण्याची सूचना आली. भिंत रंगवायला आलेले रंगारी त्याला उतरवू लागले तर मोठ्या बाईंनी त्यांना थांबवलं. राहत्या जागेवरून रहिवाशाला संमतीशिवाय हलवता येत नव्हतं. रंगाऱ्यांनी भोवतीने रंग दिला. पुढे त्याचा सेल संपला तेव्हा तर मोठाच पेच पडला, कारण कुणा रहिवाशाच्या अंगात काही घालायचं तर वैद्यकीय परवाना हवा. शेवटी आत्याने आपल्या दंतवैद्याला बोलावलं. त्याने परवाना दाखवला, घड्याळाच्या चाकांना दात असतातच, तेव्हा हे आपल्याच हद्दीत येतं असं लेखी दिलं आणि सेल बदलला.

पण माणसांचं काय? यंत्राच्या कंपनीने कळवलं की दुरुस्तीवाला नऊ महिन्यांनी येईल, त्याच्याकडे यादी मोठी आहे. जुना कॅमेरा गोदामात गेला होता आणि गोदामात जायला नवं ओळखपत्र लागत होतं. रांग जिन्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून वळून पुन्हा जिन्यावर आली. मोठ्या बाईंनी नियमांचं जाडं पुस्तक काढलं आणि दोन दिवस दार लावून वाचलं. तिसऱ्या दिवशी त्या कलम एकोणीस घेऊन बाहेर आल्या. कॅमेरे नव्हते त्या काळचं ते कलम होतं आणि ते खोडायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फोटो घेणं शक्य नसेल तर अधिकाऱ्याने धारकाच्या चेहऱ्याचं वर्णन जास्तीत जास्त चाळीस शब्दांत लिहून द्यावं, असं त्यात म्हटलं होतं.

कारकून कामाला लागले. तीन दिवसांत त्यांनी तीनशे ओळखपत्रं दिली. सगळ्यांवर लिहिलं होतं, "दोन डोळे, एक नाक, एक तोंड. प्रसन्न."

खाली दारात एक चौकीदार होता. लहानखुरा, गंभीर, आपल्या कामावर प्रेम करणारा माणूस. ओळखपत्र आणि माणूस जुळतात की नाही हे पाहून तो आत सोडायचा. त्या ओळखपत्रांचा गठ्ठा घेऊन तो वर आला.

"बाई, या कागदांवर मी कुणालाही आत सोडू शकतो आणि कुणालाही अडवू शकतो," तो मोठ्या बाईंना म्हणाला. "काल मी सगळ्यांना अडवलं. आज सगळ्यांना सोडलं. चूक नेमकी कुठल्या दिवशी झाली तेवढं सांगा."

मोठ्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली. यंत्रापाशी आत्या हातावर हात ठेवून बसली होती.

"फोटोच्या बाई मोकळ्याच आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना द्या हे."

आत्याला तिथली भाषा मोडकीतोडकी यायची. "प्रसन्न", "आकर्षक", "भारदस्त" असले शब्द तिच्याजवळ नव्हतेच. कान, भुवई, खाली, वर, जाड, बारीक, सारखं, वेगळं, एवढ्या भांडवलावर ती बसली. पहिला तोच गवंडी आला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग स्टूल उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं. मग उठून बाजूने पाहिलं आणि लिहिलं:

"कपाळ उंच, केस मागे हटलेले. भुवया मध्ये एकमेकींना मिळालेल्या, डावी जाड. जबडा पायरीसारखा. डावा कान उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली. हसताना वरच्या ओठाची एक बाजू आधी उठते, दुसरी मागाहून येते."

गवंड्याने ते वाचलं आणि तो हात धुवायच्या खोलीत आरशासमोर गेला. पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर येईना. तो आला तेव्हा त्याने दोन्ही कान दोन हातांनी धरले होते.

"डावा कान खाली आहे," तो म्हणाला. "एकोणपन्नास वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"राग आला का हो तुम्हाला?"

"राग? अहो, मी भिंतीची पातळी कानाच्या रेषेत डोळा लावून बघतो! माझी प्रत्येक भिंत डावीकडे कलते म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली!"

तो इतका खूश झाला की रांगेतल्या प्रत्येकाला कान दाखवत खाली उतरला.

आत्याची खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी झाली. एक तरुण मुलगी आली. आमच्यासारखंच लांब नाक, रेखीव ओठ. आत्याने पटकन लिहून टाकलं. "नाकीडोळी नीटस" याला तिथल्या भाषेत जे काही जवळचं सापडलं ते. मोठ्या बाईंनी कागद परत पाठवला आणि पाठोपाठ स्वतः मान वाकवून आत आल्या.

"नीटस म्हणजे काय?"

"म्हणजे... सगळं जिथल्या तिथे. चांगलं."

"जिथल्या तिथे सगळ्यांचंच असतं. चौकीदाराने दारात उभं राहून नीटस कसं ओळखायचं? पुन्हा लिहा."

त्या दिवशी आत्या घरी आली ती फुगूनच. "मला शिकवते! नीटस म्हणजे काय, विचारते!" असं म्हणत तिने तीन भांडी दोनदा घासली. काका म्हणाले, "बरोबर विचारलं तिने. मला कुणी 'लिफ्ट बिघडली' एवढंच सांगितलं तर मी काय करू? काय बिघडलंय ते नको सांगायला?"

"बिघडलेलं नाही हो, चांगलं होतं!"

"मग चांगलं काय होतं ते सांग."

आत्याला त्या मुलीचं नाक सोडून काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मुलीला पुन्हा बोलावलं आणि अर्धा तास समोर बसवलं. डोळे तपकिरी, पण उजव्या डोळ्यात तिळाएवढा हिरवा ठिपका निघाला. कपाळावर केसांचा भोवरा उलटा फिरत होता, म्हणून भांग कधीच सरळ पडत नव्हता. एक पापणी दुसरीपेक्षा उशिरा मिटत होती. "आणि हे सगळं काल माझ्यासमोर बसलं होतं गं," आत्या मला म्हणाली. "नीटस म्हटलं की मी पुढे बघतच नाही बघ."

त्यानंतर तिची गाडी जी सुटली ती सुटलीच. सकाळी आठपासून माणसं यायची. नकटी, चपटी, पोपटनाकी, बसक्या गालांची, टोकदार हनुवटीची, काळी कुळकुळीत, तांबूस, ठिपकेदार, भुवया नसलेली, भुवयाच भुवया असलेली. घरी येऊन ती मला सांगायची, "आज एकाच्या गळ्याला तीन वळ्या होत्या, अगदी खालच्या वळीत तीळ. कुठे जाऊन बसलाय बघ!" जणू तीळ स्वतः जागा शोधत हिंडला होता. बोलताना तिच्या तोंडात आता नावं ठेवण्याची ती धार उरली नव्हती. शब्द मात्र तेच होते.

एकदा एक बाई आली. चेहऱ्यावर पावडरचा जाड थर, गळ्याला रुमाल घट्ट बांधलेला. आत्याने बराच वेळ पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मला पावडरच दिसतेय," ती म्हणाली. "पावडरचं वर्णन लिहिलं तर उद्या पाऊस आला की चौकीदार तुम्हाला आत सोडणार नाही."

बाईने रुमाल सोडला आणि त्यानेच तोंड पुसलं. कोड होतं. गालावर, हनुवटीखाली, गळ्यावर. आमच्याकडे असं कुणी दिसलं की लोक बोलता बोलता आवाज खाली आणतात. आत्याला हे माहीत होतं. तिने स्वतःही कधीतरी आणला असेल. या वेळी तिने स्टूल खिडकीकडे वळवलं आणि लिहायला घेतलं. "उजव्या गालावर मोठं पांढरं बेट, कडा तांबूस आणि स्पष्ट. हनुवटीखाली दोन लहान. गळ्यावर एक लांबट, मधे सावळी खाडी."

बाईने वाचलं. "मनगटावर अजून एक आहे," ती म्हणाली. "छान गोल आहे. तेही घाला."

"चेहऱ्यापुरतंच आहे हो कलम."

"घाला ना. शब्द शिल्लक आहेत."

आत्याने घातलं. मोठ्या बाईंनी ते पाहिलं आणि प्रथमच एक नियम न पाहिल्यासारखं केलं.

जुळे भाऊ आले ती गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. एक बस चालवायचा, एक पाव भाजायचा. आईलाही ओळखू न येणारे. आत्याने दोघांना शेजारी बसवलं आणि वीस मिनिटांत सोळा फरक काढले. त्यातला एक म्हणजे भुवईतला जुना टाक्याचा व्रण. तो व्रण त्यांनी सोबत आणलेल्या लहानपणीच्या दवाखान्याच्या कागदावर दुसऱ्याच भावाच्या नावाने होता. म्हणजे वयाच्या चौथ्या वर्षी केव्हातरी त्यांची अदलाबदल झाली होती आणि एकतीस वर्षं दोघं एकमेकांच्या नावाने जगत होते. आत्या हादरली. भाऊ मात्र शांत होते. त्यांनी रस्त्यातच आपसात बोलून नोकऱ्या बदलून घेतल्या. दोन्हीकडे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाव तर पूर्वीपेक्षा चांगला येऊ लागला. बस फक्त चार-पाच दिवस भलत्याच रस्त्याने जायची.

लोक आता काम नसताना येऊ लागले. दात पडला, नोंद बदला. केस कापले, नोंद बदला. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला यायचे, चेहरा बदललाय म्हणायचे. आत्या त्यांना उजेडात बसवून पाहायची आणि लिहायची, "डाव्या डोळ्याखाली एक नवी सुरकुती, बाकी पूर्ववत." ते कागद खिशात ठेवून समाधानाने जायचे. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्याकडे रोज बघणारं कुणी नव्हतं, हे त्यांनी चौथ्या-पाचव्या खेपेला सांगितलं.

याच दिवसांत एका रविवारी आत्या जिन्यात थबकली. त्या पाच जणांपैकी, ज्यांना तिने घरमालक समजून झापलं होतं, चार याच इमारतीत किंवा आसपास राहणारे निघाले. एक टकला होता. एक भलता उंच, लाल दाढीचा. एकाचं वय ऐंशी. आणि एक तर बाई होती.

"आणि मला सगळे सारखे दिसत होते!" ती दंतवैद्याला म्हणाली. "मी तेव्हा बघत काय होते हो?"

"नळ," दंतवैद्य म्हणाला.

मग आत्याच्या स्वतःच्याच ओळखपत्राची मुदत संपली. आपलं वर्णन आपणच लिहायचं नाही असा नियम. कारकुनांवर तिचा विश्वास नव्हता. शेवटी मोठ्या बाईंनी चौकीदाराला वर बोलावलं, कारण तिची सगळी वर्णनं वाचलेला तोच एक होता. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत्याला स्टुलावर बसवून तो दोन तास तिच्याभोवती फिरला. एकदा जमिनीवर बसून त्याने खालूनही पाहिलं. मग बारीक अक्षरात लिहून कागद पुढे केला.

"दोन्ही कानांच्या पाळ्या मोकळ्या, उजवीला दोन छिद्रं, एक बुजलेलं. डाव्या भुवईचा शेवट वर वळलेला, म्हणून सतत काही विचारणार असं वाटतं. खालचा ओठ मधोमध चिरलेला. हनुवटीवर तीन केस, एक पांढरा. ऐकताना मान डावीकडे. उजव्या गालावर उशीची घडी सकाळी दहा वाजेपर्यंत टिकते."

आत्याने तो कागद दोनदा वाचला. उलटून मागची बाजू पाहिली.

"नाक?" ती म्हणाली. "नाकाचं काय?"

"नाक आहे," चौकीदाराने मान्य केलं. "मी पाहिलं ते. पण त्याच्यापर्यंत येईतो शब्द संपले."

चार पिढ्यांचं नाक चाळीस शब्दांत बसलं नाही! आत्याने घरी येऊन चपलाही न काढता बाबांना फोन लावला.

"दादा, नाक कापलं!"

बाबा आधी घाबरले, मग कळल्यावर संतापले. त्यांनी आरशासमोर बसून स्वतःच्या नाकाची बाजूने रेघ कागदावर उतरवली, लांबी-रुंदी लिहिली आणि ते सगळं पत्रासोबत थेट त्या कचेरीला पाठवून दिलं. मोठ्या बाईंचं उत्तर आलं: "नाकाची नोंद घेतली. सदर व्यक्ती येथील रहिवासी नसल्याने पुढील कार्यवाही शक्य नाही." बाबांनी ते पत्र जपून ठेवलंय. एका परक्या सरकारने नाकाची नोंद घेतली, असं ते लोकांना सांगतात. पूर्ण वाक्य सांगत नाहीत.

आत्या मात्र दोन दिवसांत निवळली. मी पाहिलं, ती आरशासमोर उभी राहून डावी भुवई बोटाने खाली दाबून बघत होती. "खरंच गं, विचारल्यासारखीच दिसते. मला वाटायचं लोक आपणहूनच मला सगळं सांगत सुटतात."

नऊ महिने भरले त्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्र उघडलं, काहीतरी घट्ट केलं आणि पाहण्यासाठी स्वतः समोर बसला.

"चेहरा आढळला नाही."

तो बिचारा पांढरा पडला. आत्याने त्याला पाणी दिलं. मग त्याने कारखान्यात फोन केला आणि हळूहळू उलगडा झाला. कारखान्यात यंत्र जुळवायला समोर कुणी माणूस बसवायचा तर त्याच्याकडे नवं ओळखपत्र हवं होतं, आणि ते या यंत्राशिवाय मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी समोर एक ताटली ठेवली होती. यंत्र ताटली शिकलं होतं.

"म्हणजे बिघाड नाहीच," दुरुस्तीवाला म्हणाला. "यंत्र उत्तम चालतंय. फक्त तुम्ही लोक ताटल्या नाहीत."

तो यंत्र घेऊन गेला. जाण्याआधी, उगाच आपली खात्री असावी म्हणून, आत्याकडून स्वतःचं वर्णन लिहून घेतलं. कचेरीने, गोदाम रंगवायला आत शिरलेल्या रंगाऱ्यांकडून मागचं दार उघडवून, जुना कॅमेरा परत आणला. वर्णनाची ओळखपत्रं जमा करून फोटोची घ्यावीत अशी सूचना लागली. निम्मे लोक आलेच नाहीत. गवंड्याने सरळ सांगितलं की हरवलं, आणि सांगताना ते त्याच्या खिशातून डोकावत होतं. चौकीदाराने लेखी तक्रार दिली की फोटोत कान दिसत नाहीत, मी काम कसं करू?

आत्या पुन्हा हनुवटी वर, खांदे खाली करू लागली. पुढे सहा वर्षं तिने तेच केलं आणि मग निवृत्त झाली. कुणी समोर बसलं की बटण दाबायच्या आधी ती त्याला हळूच एखादी गोष्ट सांगायची. "डाव्या गालावर खळी आहे हं तुमच्या, अर्धीच." बहुतेक फोटोंत लोक किंचित चकित झालेले दिसायचे. मोठ्या बाईंनी चकित दिसण्याबद्दल पुस्तकात काही सापडतं का पाहिलं. सापडलं नाही.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला गेले होते. दोघी बसने बाजारात निघालो होतो. समोरच्या सीटवर एक आई तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन पाठमोरी बसली होती. मुलीचा चेहरा आमच्याकडे होता. तिने आत्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. आत्याही बघायला लागली. ना ती पापणी हलवी, ना ही. बस थांबत होती, माणसं चढत-उतरत होती. मी मोजले, दहा थांबे झाले. आईला कुठूनसं जाणवलं आणि तिने मागे वळून पाहिलं.

"माफ करा हं," ती ओशाळून म्हणाली. "फार टक लावून बघते ही. कुणाकडेही."

"बघू दे, बघू दे," आत्या नजर न हलवता म्हणाली. "नवीन आहे, काम शिकतेय."

आमचा थांबा केव्हाच मागे गेला होता. मी तिचा हात धरून तिला उठवलं. उतरून उलट चालत निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, आणि आत्या मला त्या मुलीच्या कानांबद्दल सांगत होती.